सुशीलाबाईंची अस्सल कडक भाकरी

बिदर
१२ जून २०२२

चि. सुशीला हीस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खिशात फोन असताना मी टपालाच्या पेटीपर्यंत कामून चालत जातो, म्हणून तुझी वैनी हसते. मी तिला सांगतो, सुशीलाला काना-मात्रा मी शिकवलाय, तिची वही अजून तपासायची आहे. मागच्या पत्रात तू ‘आशीर्वाद’ पुन्हा पहिल्या वेलांटीनं लिहिलास. हेडमास्तर निवृत्त झाला, मेला नाही, हे ध्यानात ठेव.

लिहिण्याचं खरं कारण तानाजी. पुण्याची नोकरी लॉकडाउनमध्ये गेल्यापासून पोरगा दोन वर्षं घरात बसून आहे. जेवताना मान वर करत नाही. स्थळ घेऊन कुणी आलं आणि मुलगा काय करतो असं विचारलं की मी घसा खाकरतो आणि तुझी वैनी चहा आणायला उठते.

गेल्या आठवड्यात मात्र त्यानं तू पाठवलेल्या कडक भाकरीचा फोटो काढून मोबाइलवर टाकला. हैदराबादहून, पुण्याहून माणसं विचारायला लागली, ही मिळते कुठं म्हणून. तेव्हापासून त्याच्या तोंडावर रंग आला आहे. आत्या वीस वर्षं बसवकल्याणच्या खानावळींना आणि लग्नातल्या आचाऱ्यांना भाकरी पुरवते, पण तालुक्याबाहेर तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, ते मी करून दाखवतो, असं म्हणतो.

रविवारी तो मुडबीला येईल. तुला यातलं काही पटलं नाही तरी लगेच नाही म्हणू नकोस. भाऊजी गेल्यावर तू एकटीनं धंदा उभा केलास, तुझा शब्द त्याला लागतो. माझा लागत नाही.

ज्योतीची लातूरची खुशाली कळव. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा
अण्णा (हणमंतराव)

*

मुडबी
३ जुलै २०२२

ती. अण्णास,
सुशीलाचा शि. सा. न.

आशीर्वाद दुसऱ्या वेलांटीनं लिहिलाय, बघून घ्यावं.

तानाजी आला आन तीन दिवस राहून गेला. लेकरू लई दिवसांनी पोटभर जेवलं, वैनीला सांगा. आल्या आल्या मला म्हणला, आत्या, चुलीपाशी बसा, फोटो काढायचाय. म्या म्हणलं, बाबा, आमी गॅसच्या भट्टीवर करायलाव त्याला पाच वरसं झाली, चूल कुठली आणू. तर त्यानं मागच्या अंगणातली पाणी तापवायची चूल सारवून घेतली, जाळ केला, मला हिरवं लुगडं नेसायला लावलं आन डोक्यावर पदर घे म्हणला. धुरानं माझे डोळे भरून आले तर म्हणला, असंच ऱ्हावा, लई छान दिसायलंय. बायका तोंडाला पदर लावून हसायल्या होत्या. बसव्वा म्हणली, बाई, तुमच्या लग्नात बी तुमाला येवढं नटवलं नसंल.

तो फोटो आता पाकिटावर येणार हाय. वर मोठ्या अक्षरात ‘सुशीलाबाईंची अस्सल कडक भाकरी’ आन खाली माझा फोन नंबर. भिंतीला स्कॅनर बी चिकटवून गेला. गावातले लोक दहा रुपयाची भाकरी घ्यायला येतेत आन मोबाइल धरून उभे ऱ्हातेत. चन्नम्मा त्यांना म्हणती, फोटो काढून झाला असंल तर पैसे द्या.

खोटं कामून बोलू, मला बी बरं वाटलं. पाकिटावर आपलं नाव बघितलं की वाटलं, ह्यांनी बघायला पायजे होतं.

तब्येतीला जपावं. लेकराची काळजी करू नका, ते आता माझ्याकडं लागलं. पत्राची वाट बघते.

आपली
सुशीला

*

मुडबी
२० नोव्हेंबर २०२२

ती. अण्णास,
सुशीलाचा शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला, रागवू नये. हात रिकामा ऱ्हात न्हाई. आदी दिवसाला चारशे भाकरी व्हायच्या, आता बाराशे जायलेत. बाया चारच्या नऊ झाल्या. टेम्पो रोज दुपारी दारात येतोय.

तानाजीनं पत्र्याची गोल कडी करून आणलीय. थापलेल्या भाकरीवर कडी ठिवायची आन बाहेरचं कापून टाकायचं, म्हंजे सगळ्या एका मापाच्या. चन्नम्मा म्हणती, भाकरीला बी आता शाळेचा गणवेश आला. कापलेल्या कडा परत मळल्या तर भाकरी चिवट होतीय, म्हणून त्या म्या गायीला घालते. गाय मजेत हाय.

पन एक झालंय ते तुमालाच सांगते. गिऱ्हाइकं मोबाइलवर स्टार देतेत. पाच दिले तर चांगलं, एक दिला तर वाईट. तानाजी रोज सकाळी फोनवर ते वाचून दाखवतोय आन बायका परीक्षेचा निकाल असल्यावानी ऐकत बसतेत. मागल्या महिन्यात बेंगळूरच्या एका बाईनं एक स्टार दिला. पाकिटात पांढरा केस निघाला म्हणून तिनं फोटो टाकला, तो हजार लोकांनी बघितला. तानाजी लगी लगी गाडीवर आला. आल्यावर नऊ बायांच्या डोक्याकडं बघितलं आन बसव्वाकडं बोट केलं. म्हातारी हाय, नजर कमी झालीय, तिचं काम बंद करा म्हणला.

अण्णा, बसव्वा माझ्याकडं पैल्या दिवसापासून हाय. धंदा काढला तवा ती आन मी दोघीच होताव. म्या काय म्हणावं. नऊ जणींची पोटं हायेत, एका केसापायी सगळं बंद पडंल, असं तानाजी म्हणला. म्या बसव्वाला सांगितलं, चार दिवस घरी ऱ्हा. ती उठली, पदर झाडला, पीठ मळायची काटवट धुवून उपडी घातली आन गेली. चार दिवस झाले, आठ झाले, तिला परत या म्हणायला मी गेले न्हाई.

केस तर माझे बी पांढरेच हायेत. हे कुणाला बोलले न्हाई.

तुमी समजून घ्यावं. वैनीला नमस्कार.

आपली
सुशीला

*

बिदर
५ डिसेंबर २०२२

चि. सुशीला हीस,
अनेक आशीर्वाद.

बसव्वाचं मनाला लावून घेऊ नकोस. शाळेत मी चाळीस वर्षं काढली. एका मुलासाठी अख्खा वर्ग थांबवता येत नाही, हे मला रोज शिकावं लागलं. धंदा वाढला की असं होणारच.

इकडे एक आनंदाची गोष्ट. लहान उद्योजकांच्या एका मेळाव्यात तानाजीला बोलायला बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. गावातला छोटा धंदा मोबाइलच्या जोरावर देशभर कसा न्यायचा, यावर तो कानडीत वीस मिनिटं बोलला. पडद्यावर तुझा मोठा फोटो दाखवला आणि म्हणाला, ही माझी आत्या, हीच माझी प्रेरणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, मुलगा तुमचा का? मी हो म्हणालो. सुशीला, दोन वर्षांनी मी हे मोकळेपणानं म्हणालो.

आता त्याला सोयरिकी सांगून येत आहेत. कंपनी त्याच्या नावानं रीतसर काढायची आहे, त्यासाठी तुझी एक सही लागेल. संक्रांतीला इकडेच ये. तुझी वैनी तिळाच्या पोळ्या करणार आहे, आणि तिच्या पोळीला पाच स्टार द्यायला मी तयार नाही, ते काम तुझं.

ये म्हणजे ये. वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझा
अण्णा

*

मुडबी
९ सप्टेंबर २०२३

ती. अण्णास,
सुशीलाचा शि. सा. न.

तानाजीच्या लग्नानंतर तुमचं पत्र न्हाई. नव्या सूनबाईचं मन रमलं का, कळवावं.

मला तुमाला एक विचारायचंय, आन ते फोनवर न्हाई, कागदावर विचारायचंय. माझा जुना नंबर आता माझ्याकडं न्हाई. उन्हाळ्यात तानाजी येऊन जुनं सिम घेऊन गेला. दिवसाला शंभर फोन येतेत, आत्या तुमाला तरास कामून, बिदरला एक पोरगी ठिवलीय ती उचलंल, असं म्हणला. मला नवा नंबर दिला. तो कुणालाच ठाऊक न्हाई. चार महिने झाले, त्याच्यावर ज्योतीशिवाय कुणाचा फोन आला न्हाई.

श्रावणापासून ऑर्डर कमी झाली. बाराशेच्या सहाशे, मग दोनशे. ह्या आठवड्यात टेम्पो एकदाच आला. म्या म्हणलं, पावसाचे दिवस हायेत, लोक कमी मागवत असतेल. मग परवा बसवकल्याणला गेले तर खानावळवाले पाटील भेटले. ते म्हणले, बाई, तुमचा माल आता लई टायमावर येतोय, पन पैल्यासारखी चव न्हाई, पीठ बदललं का. त्यांना आमी चार महिन्यांत एक भाकरी दिली न्हाई. ते जुन्या नंबरला फोन करतेत आन बिदरचा टेम्पो माल टाकून जातोय.

चन्नम्माचा जावई बिदरजवळच्या कोळारला गोदामात कामाला हाय. तो सांगत होता की तिथं एका शेडमध्ये भाकरीची मशीन बसलीय, तासाला हजार भाकरी काढती, आन शेडवर माझा फोटो हाय. म्या त्याला म्हणलं, तू दुसऱ्या कुणाचा बघितला असशील.

अण्णा, तुमी त्याच घरात ऱ्हाता. तुमाला ठाऊक असंल. काय हाय ते मला लिवा.

आपली
सुशीला

*

बिदर
२५ सप्टेंबर २०२३

चि. सुशीला हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू उगीच जिवाला घोर लावून घेतेस. मशीन आहे हे खरं, पण ती जादा ऑर्डरसाठी आहे. हातानं थापून किती पुरी पडणार? तुझं वय साठीला आलं. तुला आता विश्रांती मिळावी, असाच तानाजीचा विचार आहे. मी त्याच्याशी बोललो आहे. तो तुला भेटायला येणार आहे, फक्त सध्या त्याची फार धावपळ चालू आहे.

यंदा तूर बरी आहे असं ऐकतो. माझी साखर वाढली आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. सूनबाई स्वभावानं चांगली आहे.

बाकी भेटीअंती.

अण्णा

*

मुडबी
१४ जानेवारी २०२४

ती. अण्णास,
सुशीलाचा नमस्कार.

तानाजी आला न्हाई. दिवाळीला म्या लातूरला ज्योतीकडं गेले होते, तिथं घडलं ते सांगते.

ज्योती मला किराणा घ्यायला एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथं फळीवर माझी पाकिटं होती, वरपासून खालपर्यंत. पंचवीस-तीस ठिकाणी मीच, हिरव्या लुगड्यात, डोळे भरलेले. ज्योतीनं एक घेतलं. घरी फोडलं तर भाकरी कागदासारखी, एकीवर बी डाग न्हाई, सगळ्या कशा एका आईची लेकरं. तोंडात घातली तर नुसता भुगा. ज्वारीत मैदा हाय, अण्णा. पाकिटाच्या मागं लिवलंय, ‘सुशीलाबाई व त्यांच्या सख्यांनी प्रेमाने हाताने थापलेली’.

मग ज्योतीच्या फोनवरून म्या माझ्याच नंबरला फोन लावला. एक पोरगी बोलली, सुशीलाबाईंच्या ऑफिसमधून बोलतेय म्हणून. म्या म्हणलं, सुशीलाबाईला फोन दे. ती म्हणली, बाई आता भाकरी करायला बसल्यात, तुमचं काय काम हाय ते मला सांगा. लई गोड बोलली. म्या फोन ठिवून दिला. तिला काय सांगू, कोण बोलतंय म्हणून.

ज्योती गप बसणारी न्हाई. ती म्हणली, आई, आपण आपलं दुकान मोबाइलवर नव्यानं काढू, ह्यात तानाजीची काय मक्तेदारी हाय. मुडबीला येऊन तिनं माझा फोटो काढला, गॅसच्या भट्टीपाशी, रोजच्या लुगड्यात. नाव टाकलं, पत्ता टाकला, आधार कार्ड जोडलं. पाच दिवसांत चाळीस ऑर्डरी आल्या. चन्नम्मा आन तिच्या सुना परत कामाला बसल्या, घरात परत भाकरीचा वास आला. सहाव्या दिवशी सगळं बंद. अ‍ॅपवाल्यांचा निरोप आला. ज्योतीनं तो मला दोनदा वाचून दाखवला. तुमी नोंदणी झालेल्या सुशीलाबाईंच्या नावाची आन चेहऱ्याची नक्कल करायलात, अशी तक्रार आलीय, परत केलं तर कारवाई होईल.

ज्योतीनं उलट विचारलं की तक्रार कुणाची. तर म्हणले, सुशीलाबाईंची.

अण्णा, संक्रांतीला म्या सही केली तो कागद इंग्रजीत होता. तुमी चष्मा लावून वाचला आन मला म्हणलात, खाण्याच्या लायसनचा हाय, कर सही. आज त्याला बरोबर एक वरीस झालं. त्या कागदात काय होतं?

सुशीला

*

बिदर
२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय आत्या,
सप्रेम नमस्कार.

आपला गैरसमज झाल्याचे बाबांकडून समजले. व्यवसाय वाढवताना काही कायदेशीर बाबी आवश्यक असतात. दिनांक १४ जानेवारी २०२३ च्या करारानुसार आपले नाव, छायाचित्र व दूरध्वनी क्रमांक हे कायमस्वरूपी कंपनीकडे आहेत. ज्योतीताईंनी ते वापरल्यामुळे आमच्या कार्यालयाने नियमाप्रमाणे तक्रार केली. यात वैयक्तिक काही नाही.

आपण आमच्या कुटुंबाचा व ब्रँडचा चेहरा आहात. आपल्याला दरमहा मानधन देण्याची कंपनीची तयारी आहे. तसेच कोळार येथे पुढील महिन्यात पाहुण्यांसाठी एक दालन सुरू होत आहे. तेथे दर रविवारी दोन तास आपण पारंपरिक चुलीवर भाकरी करून दाखवावी, अशी विनंती आहे. गाडी पाठवली जाईल. हिरवी साडी आम्ही देऊ.

आपला आशीर्वाद असावा.

आपला भाचा,
तानाजी
व्यवस्थापकीय संचालक

*

मुडबी
१५ फेब्रुवारी २०२४

अण्णा,

तानाजीचं छापील पत्र आलं. त्याला उत्तर देत न्हाई. मी त्याला काही विचारलंच नव्हतं, तुमाला विचारलं होतं. दिवसातून दोनदा पोस्टमन भीमण्णाला हाक मारायलेय, त्याला बी आता लाज वाटायलीय. कागदात काय होतं ते तुमी वाचलं होतं का न्हाई, येवढंच लिवा.

सुशीला

*

बिदर
१० मार्च २०२४

चि. सुशीला,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मी वाचलं होतं. सगळं वाचलं होतं. दुसऱ्या पानावर कायमस्वरूपी असा शब्द होता. तो वाचून मी तानाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पोळीवर तूप वाढून घेत होता. तू म्हणालीस, अण्णा, काय लिहिलंय? आणि मी म्हणालो, लायसनचा आहे.

का म्हणालो, ते मी वर्षभर स्वतःला विचारतो आहे. आठ दिवसांवर त्याची सुपारी फुटायची होती. मुलीकडच्यांना कंपनीचा कागद दाखवायचा होता. दोन वर्षं तो घरात बसला होता ना, तेव्हा एकदा तुझ्या वैनीनं त्याच्या खोलीतून दोरी उचलून आणली होती. तुला हे कधी सांगितलं नाही. वाटलं, पोरगा उभा राहतोय, तर राहू दे. सुशीला आपलीच आहे, पुढं तिला समजावू. आपल्या माणसाचं घेताना त्याला घेणं म्हणत नाहीत, असं काहीसं मनात आलं असावं.

चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं. तुझ्यासमोर मी बसूनच खोटं बोललो.

काय करू ते तू सांग. तू सांगशील ते करीन.

अण्णा

*

मुडबी
२० मार्च २०२४

ती. अण्णास,
सुशीलाचा शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. दोरीचं ठाऊक नव्हतं. ते तवाच सांगितलं असतं तर म्या नाव, फोटो, सगळं हातानं दिलं असतं, कागद लागला नसता. तुमी मागितलं न्हाई. ते मला सहन व्हायना.

तुमच्यावर रागवून बसायचा बी मला हक्क न्हाई. तुमचं पत्र वाचून झाल्यावर म्या बसव्वाच्या घरी गेले. दीड वरसानं गेले. तिनं पोतं टाकलं, चहा दिला. म्या म्हणलं, बसव्वा, तो केस माझा असंल, आन मला तवाच वाटलं होतं. ती म्हणली, मला ठाऊक हाय बाई, माझं टक्कल पडून तीन वरसं झाली, पदर कधी काढला न्हाई म्हणून तुमाला दिसलं न्हाई. मग ती शेळीला पाला घालायला उठली. परत कामाला ये म्हणलं तर न्हाई म्हणली. तवा कळलं की माफी मागितली म्हंजे माणूस परत येतंयच असं न्हाई.

तुमी विचारलं, काय करू. तर एक करा. बसवकल्याणच्या वकिलाला ज्योतीनं तानाजीचं पत्र दाखवलंय. तो म्हणतोय, सही करणाऱ्या बाईला इंग्रजी येत नव्हतं आन वाचून दाखवणाऱ्यानं वेगळं सांगितलं, असं जर त्या माणसानं सोता लिवून दिलं, तर नाव आन नंबर परत मागता येईल. मशीन त्याची त्यानं चालवावी. दुसऱ्या नावानं चालवावी. मला त्याचं काही नको.

तुमी लिवून द्या. तुमच्या हातचं, सहीनिशी. वकील तारीख बघून ठिवायलाय.

वाट बघते.

सुशीला

*

बिदर
२ जून २०२४

सुशीला वन्संस,
राजूबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाई, चुकलं तर संभाळून घ्या. तुमचे अण्णा लिहायला बसतेत आन फाडतेत. उन्हाळाभर हेच चाललंय. टेबलाखालचे कागद मी रोज गोळा करतेय, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले.

वन्सं, त्यांच्यानं ते व्हायचं न्हाई. मशीन घेताना ह्या घरावर बँकेचं कर्ज काढलंय. नाव गेलं तर दुकानं माल घेणार न्हाईत, आन माल गेला न्हाई तर आमी म्हातारपणी कुठं जावं. सूनबाईला सातवा महिना हाय. अण्णांनी एकदा जेवताना विषय काढला तर तानाजी पानावरून उठला आन दोन दिवस घरी आला न्हाई. तवापासून ह्यांनी तोंड मिटलंय. आई हाय मी, मला ते दोन दिवस कसे गेले ते तुमाला सांगता येत न्हाई.

तुमची ज्योती चांगल्या घरी पडलीय. तुमचं एकटीचं पोट, ते कसं बी भरंल. रागानं म्हणत न्हाई, पन तुमाला त्या नावाचं काय करायचंय आता. शेवटी घरातच ऱ्हायलं ना, परक्याकडं तर गेलं न्हाई.

बाळंतपण झालं की बारशाला या. आत्यानंच नाव ठिवायचं असतंय, पन सूनबाईला सख्खी नणंद न्हाई, तवा तो मान तुमचा. मन मोठं करा.

तुमची
राजूबाई वैनी

*

मुडबी
२२ ऑगस्ट २०२४

सौ. राजूबाई वैनीस,
सुशीलाचा नमस्कार.

नातू झाल्याचं ज्योतीकडून कळलं. लेकरू निरोगी असू दे. बारशाला आले न्हाई, आजारी नव्हते. दुसऱ्याच्या पोराला नाव द्यायला यावं, असं मला वाटलं न्हाई.

तुमी विचारलं होतं, नावाचं काय करायचंय म्हणून. तर आमचं कसं चाललंय ते सांगते. मी, चन्नम्मा आन तिच्या सुना, आमी चौघी करायलाव. पाकिटावर नाव न्हाई, फोटो न्हाई, नुसतं ‘मुडबीची ज्वारीची भाकरी’ असं ज्योतीनं लिवून दिलंय. मोबाइलवरचं दुकान ह्या वेळी चन्नम्माच्या नावानं काढलं. ऑर्डर कशी बघायची, पत्ता कसा काढायचा, हे म्या सोता शिकले, चष्मा लावून, आठ दिवस रडत. आता कुणाला वाचून दाखवा म्हणायला लागत न्हाई. दिवसाला दीडशे भाकरी जातेत. बाराशे होणार न्हाईत. फळीवर मशीनची भाकरी आमच्याहून स्वस्त हाय.

बाकीचा माल आमी बसवकल्याणच्या बाजारात घेऊन बसताव. गेल्या बाजारी एक हुमनाबादची बाई आली. भाकरी मोडून बघितली, तोंडात घातली, मग माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. म्हणली, तुमी त्या पाकिटावरच्या बाईसारख्या दिसताव. म्या म्हणलं, व्हय, लई जण म्हणतेत. ती म्हणली, पन तिची भाकरी कशी एकसारखी असती, तुमच्या वाकड्यातिकड्या हायेत, नक्कल करायला बी कसब लागतंय. चन्नम्मा उठायली होती, म्या तिचा हात धरला. बाईनं चार भाकरी घेतल्या, स्कॅन केलं आन गेली.

वकिलानं तारीख सोडून दिली. अण्णाला सांगा, आता कागद नको. टेबलाखालचे तुकडे बी गोळा करू नका. त्यांनी माझ्यावर जन्मभर माया केली, ती खोटी होती असं मी म्हणत न्हाई. पन लेकाचं पोट आन भनीचं नाव एका ताटात आलं तवा त्यांनी काय उचललं, ते म्या बघितलं, आन बघितलेलं विसरता येत न्हाई. तुमी आई हाव, तुमाला मी बोल लावत न्हाई. तुमच्या जागी मी असते तर मी बी हेच लिवलं असतं, म्हणून तर तुमचं पत्र मला जास्त लागलं.

परवा राखी झाली. दर वरसाला आठ दिवस आदी पाठवते, ह्या वरसाला पाठवली न्हाई. अण्णा दाराशी उभं ऱ्हाऊन पोस्टमनला विचारत असतेल. त्यांना सांगा, टपालात गहाळ झाली असं समजू नका.

सगळ्यांनी सुखात ऱ्हावं. उत्तराची घाई न्हाई.

सुशीला